भांड्यांच्या पाण्याचं तापमान

सासूबाईंच्या अंगठ्याचा सांधा झिजलाय. अंगठ्याला पूर्ण विश्रांती द्या, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. ऑपरेशनच्या नुसत्या नावाने सासूबाईंना घाम फुटतो.

माझा नवरा पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकवर संशोधन करतो. त्याने आईसाठी प्रयोगशाळेतून एक पट्टी करून आणली. तापवली की ती मऊ होते. हातावर कापड गुंडाळून वरून दाबून बसवायची. गार झाली की तोच आकार धरते आणि अंगठा हलू देत नाही. पुन्हा तापली, तर मात्र तिला आपला मूळचा सपाट आकार आठवतो.

रोज संध्याकाळी पट्टी सपाट झालेली असायची.

"साखळ्या कमकुवत आहेत," नवरा म्हणायचा. मग त्याने रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जास्त ठिकाणी जोडल्या. पट्टी इतकी ताठ झाली की बसवतानाच कडकन मोडली. जोड कमी केले, घटक बदलले. प्रयोगशाळेत सगळं व्यवस्थित, घरी आली की पुन्हा तेच. तो दमून यायचा, मी दवाखान्यातली पाळी संपवून त्याच्याहून दमून यायचे, आणि दोघंही लख्ख घासलेल्या ताटांत मुकाट्याने जेवायचो.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी दुपारी घरी होते, तेव्हा उलगडा झाला.

"आई पट्टी घालूनच कढत पाण्यात भांडी घासतात," मी त्याला सांगितलं. वाटलं, आता तरी याला लाज वाटेल. तर याचे डोळे चमकले. थर्मामीटर घेऊन हा सिंकपाशी हजर.

"आई, जरा हात बाजूला घे."

पाण्याचं तापमान मोजलं आणि स्वारी प्रयोगशाळेत गेली. हसावं की रडावं, मला कळेना.

काही आठवड्यांनी नवी पट्टी आली.

"आता भांड्यांच्या पाण्याने ही ढिम्म हलणार नाही," आईच्या हातावर ती बसवत तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा खुलला होता.

सासूबाईंनी हात उलटसुलट करून पाहिला.

"छान झालीय रे. म्हणजे आता घासायला हरकत नाही ना?"

"अजिबात नाही."

त्या उठल्या. सिंकमधलं पातेलं उचललं आणि कळवळून तसंच खाली ठेवलं. पट्टी जागची हलली नव्हती.

"डॉक्टरांनी अंगठ्याला विश्रांती द्यायला सांगितलं होतं रे," मी म्हणाले. आवाज चढवायचंही त्राण नव्हतं.

 तो बाह्या सरसावून सिंकसमोर जाऊन उभा राहिला. वर पाहिलं, खाली पाहिलं.

"आई," त्याने हळूच विचारलं, "घासणी कुठे असते गं?"