चार टिकल्या

तेमुरमलिक ताश्कंदहून आला, त्याच दिवशी शोहसनमनं त्याला मनातल्या मनात निकालात काढलं होतं. पंचविशीचा पोरगा. पुढ्यात चहा ठेवला तर विचारतो, "साखर नाही ना घातली?" नमनगानात हिरव्या चहात साखर घालतंय कोण! नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाची यादी लावणारा एक प्रोग्राम त्यानं लिहिला होता, आणि तेवढ्यावर स्वारी हवेत. उथळ पाण्याला खळखळाट फार.

शोहसनम त्या कॉलेजात एकवीस वर्षं नोंदणीच्या खिडकीत बसत होती. पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा ती फोनवरचे धडे बघून शिकली होती, गुपचूप. सांगायचं कुणाला? प्राचार्यांना दोन बोटांपलीकडे टाइप करता येत नव्हतं आणि बाकीचे त्यांच्याहून पुढे गेलेले नव्हते.

त्या गुरुवारी सकाळी दोनशे बारा अर्जांतल्या सत्तावीस नावांपुढे लाल अक्षरं उमटली, 'पासपोर्ट नोंदीत सापडत नाही.' पाचच्या ठोक्याला यादी आपोआप बंद होऊन राजधानीकडे जायची होती. सरकारी खर्चाच्या जागा वीस. लाल नावांतल्या बहुतेकांचे गुण यथातथाच होते, पण ओल्मसोय तुर्गुनोवा गुणांत तिसरी होती, आणि ती आईला घेऊन खिडकीशी उभी होती.

"नाव चुकीचं लिहिलंय हिनं," तेमुरमलिक पडद्यावरून नजर न हलवता शोहसनमला म्हणाला. तो तिला ओपा, म्हणजे ताई म्हणे. "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, ओपा. दोन स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांच्या ओळी, सारख्या असतात किंवा नसतात. मधलं काही नसतं."

शोहसनमनं सत्तावीस नावांवर नजर टाकली. प्रत्येकात 'ओ' नाहीतर घशातला 'ग' होता, म्हणजे उझबेकच्या रोमन लिपीत खांद्यावर टिकली बसवून लिहायचं अक्षर. इथंच घोडं पेंड खात होतं. पासपोर्टवाल्यांची टिकली वेगळी, कीबोर्डची सरळसोट वेगळी, फोन आपल्या मनानं घालतो ती वाकडी वेगळी आणि कोपऱ्यातल्या बटणाची तिरकी चौथी. माणसाच्या डोळ्याला चारही एकच. प्रोग्रामच्या लेखी चार वेगळी अक्षरं. शाळकरी पोरालाही हे कळावं, पण शाळकरी पोराला एवढा पगार कोण देतो?

"सोपं करू," तेमुरमलिक मुलीला म्हणाला. "टिकली काढून टाक. ऑल्मसोय लिही आणि अर्ज पुन्हा पाठव."

मुलीची आई होजरखान पुढे सरकली. "बाळा, हिच्या आधीचे तीन गेले माझे. म्हणून हिला ओल्मस म्हटलं, मरणार नाही ती. तू टिकली काढलीस की ऑल्मस झालं. काय अर्थ होतो रे त्याचा? घेणार नाही! जागा मागायला आलेल्या पोरीचं नाव 'घेणार नाही' ठेवतोस होय?"

रांगेतले लोक हसले. तेमुरमलिकचे कान लाल झाले.

"आणि पासपोर्टात टिकली असताना अर्जात नसली तर तिला दारातून हाकलतील, तेव्हा तू येणार आहेस सोडवायला?" शोहसनमनं विचारलं. "ताश्कंदमध्ये उझबेक शिकवत नाहीत वाटतं आता. टिकल्या सारख्या नाहीत, म्हणून जुळत नाहीत."

तेमुरमलिकनं पडद्यावरची नावं पुन्हा एकदा वाचली. मग वळला. "सारख्या नाहीत म्हणजे? किती प्रकारच्या आहेत?"

सरळ विचारलं होतं त्यानं. पण सकाळपासून ओठांवर आलेलं शोहसनमला आवरलं नाही. "इंजिनिअर तू की मी? शोध की."

तो लॅपटॉप उचलून पलाव खायला गेला. त्याची पाठ वळताच शोहसनमनं कॉलेजच्या मशीनवरची प्रोग्रामची फाइल उघडली. दोन नावं ताडून बघण्याआधी चारही टिकल्यांची एकच करायची, एवढंच काम. चार ओळी. लाल नावं पटापट हिरवी झाली.

"जा," तिनं मायलेकींना सांगितलं. "झालं काम. पाचला येऊन यादी बघा."

होजरखाननं खिडकीतून हात घालून तिचा हात कपाळाला लावला. ओल्मसोयचे डोळे भरून आले होते. हे आपण तेमुरमलिकला सांगावं, असं एकदा शोहसनमच्या मनात आलं. पण कशाला? जेवून येईल, हिरवी नावं बघेल आणि आपल्याच अकलेचं कौतुक करत बसेल. बसू दे गाढवाला. दुपारभर ती स्वयंपाकघरात आचारीणबाईंना त्याची नक्कल करून दाखवत होती. दोघी पोट धरून हसल्या.

पाच वाजून गेले तेव्हा ती परत आली. तेमुरमलिक उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"ओपा, तुमचं खरं होतं. जेवताना मी शोधलं. कीबोर्डची आणि पासपोर्टची टिकली वेगळी निघाली. मी दुपारभर प्रोग्राम दुरुस्त करून पाचला दोन मिनिटं असताना लॅपटॉपवरूनच नवी फाइल टाकली. पण तीन नावं राहिलीच, ओल्मसोयचंही. त्यांनी फोनवरून अर्ज भरले होते."

"नवी फाइल?" शोहसनमनं विचारलं. "जुनीवर टाकलीस?"

"हो. जुनीत कुणीतरी हात घातल्यासारखं दिसलं. मला वाटलं, चुकून काही झालं असेल." तो तिच्याकडे बघत राहिला. "तुम्ही? तुम्ही केलं होतं ते? चारही?" आणि मग अगदी हळू, "मी विचारलं होतं ना, ओपा."

त्याला सुनवायला तिच्याकडे दिवसभराचा साठा होता. त्यातला एक शब्दही आता कामाचा नव्हता. यादी गेली होती. तिसरी जागा चौथ्याला गेली होती, आणि पुढचा प्रवेश पुढच्या सप्टेंबरात.

बाहेर यादी लावलेल्या फळ्याशी होजरखान एकटीच उभी होती. शोहसनमला बघून तिचा चेहरा उजळला.

"आलात होय! पोरगी मावशीला फोन करतेय तिकडे, धीर निघेना तिला. चष्मा घरी विसरले मी. कितवी आहे हो आमची? जरा वाचून दाखवा."

शोहसनम पहिल्या नावापासून मोठ्यानं वाचू लागली.