गाठींमागचा माणूस

नंदकुमारकाका पुण्याहून आले ते मैत्रेयीसाठी साधं झबलंही न आणता. आणला एक पेन ड्राइव्ह. चाळीस वर्षं सागरी विम्यात काढलेला हा चुलत सासरा क्षितिजाला चंडीगढच्या फ्लॅटमध्ये बसून समुद्र शिकवणार होता. तिचा नवरा अंशुमन मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर. पुढची फेरी युद्ध चाललेल्या समुद्रातून जाणार होती. जायचं की नाही, हे त्याने आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"नाही म्हणायचा हक्क आहे त्याला," शेजारी बसलेल्या अंशुमनकडे बघत क्षितिजा म्हणाली.

"हक्क आहे गं, पण नाही म्हणणाऱ्यांना पुढचं जहाज लवकर मिळत नाही. हे बघ, म्हणजे तुझी भीती जाईल," म्हणत काकांनी टीव्हीवर जुना कृष्णधवल माहितीपट लावला.

निवेदकाचा आवाज तुपात घोळवलेला. जहाजाचा विमा, यंत्रांचा विमा, मालाचा विमा. वादळात जहाज वाचवायला कुणाचा माल समुद्रात फेकला, तर ते नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं.

"बघ! कुणी एकटा बुडत नाही," काकांनी मांडीवर थाप मारली.

"कुणाचा माल, काका. माणसाचं कुठे म्हणतोय तो?" म्हणत क्षितिजाने मैत्रेयीच्या तोंडातून पेन ड्राइव्हचं टोपण काढलं. जन्मभर जोखीम मोजणाऱ्याला दीड वर्षाच्या पोरीसमोर टोपण टाकू नये, एवढंही कळत नव्हतं.

पडद्यावर नुकसान मोजायला धक्क्यावर आलेला विम्याचा सर्व्हेअर कापसाच्या भिजलेल्या गाठी चाचपत होता.

"थांबवा. जरा मागे घ्या," क्षितिजा म्हणाली.

"आता काय?"

"गाठींच्या मागे बघा."

मागे एक खलाशी जमिनीवर बसला होता. हात कोपरापर्यंत फडक्यात गुंडाळलेला, फडकं काळं पडलेलं. सर्व्हेअर त्याला ओलांडून पुढच्या गाठीकडे गेला. निवेदक म्हणाला, "सुदैवाने हानी किरकोळ होती."

"अरेच्चा! नव्या पोरांना शंभरदा दाखवलीय ही फिल्म. हा कधी आला?"

"पहिल्यापासून तिथेच आहे."

किन्नू संत्रं सोलत बसलेला अंशुमन थांबला. "इंजिनरूमचा असणार. वाफ अंगावर आली असेल," म्हणत तो मनगटावरचा स्वतःचा जुना डाग चोळू लागला. मग त्याने फोन उचलला. "नाही म्हणून कळवतो."

"अरे, घाई नको! पुढे भरपाई कशी ठरते ते तर बघ!"

"तुम्ही बघा ना, काका," क्षितिजाने रिमोट त्यांच्या हातात दिला, मैत्रेयीला कडेवर घेतलं, आणि आत जाताजाता ते टोपण कचऱ्याच्या डब्यात टाकलं.