वळणावरचं खळं

लडकूनं जन्मात बैलगाडीपलीकडे काही हाकलं नव्हतं, पण मुलाच्या गाडीबद्दल तो असा काही बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, इंजिन यानंच खोलून बसवलंय. गाडीही होती तशीच. दोन दारांची, बुटकी, लालभडक. आत मागची सीटच नाही, त्या जागी लोखंडी नळ्यांचा पिंजरा.

मुलगा भगीरथ टोकावड्याच्या नाक्यावर गॅरेजात काम करायचा. ही गाडी त्यानं आटगावच्या अनिलशेठकडून जुनी घेतली, २००३ सालच्या दिवाळीनंतर. अनिलशेठनी बारा वर्षं ती शर्यतीत पळवली होती, पाठीनं दगा दिला तेव्हा थांबले. गाडी देताना त्यांनी ब्रेक, चाकं, स्टिअरिंग स्वतः तपासून दाखवलं आणि म्हणाले, "लडकूदादा, माझी लेक तुमच्या घरी देतोय, असं समजा."

झालं! लडकूनं ते इतकं मनावर घेतलं की गाडी दारात येताच त्यानं बायकोला, सुंदराला भाकरतुकडा ओवाळायला लावला. "सुनेला बघायचं सोडून या डबड्याला ओवाळायचा?" असं पुटपुटत का होईना, तिनं ओवाळला.

जानेवारीत शहापूरकडच्या एका माळावर ऑटोक्रॉस होती. मातीत झेंडे रोवायचे, त्यांच्यामधून वळणं घेत एकेकानं गाडी पळवायची आणि घड्याळ सांगेल तो पहिला. भगीरथला तिथं उतरायचं होतं. सहावीत असल्यापासून त्याला दुसरं काही सुचलंच नव्हतं, आणि आता लडकूलाही सुचत नव्हतं.

सरावाला जागा हवी म्हणून लडकूनं भात कापल्यावर ओढ्याकडच्या खाचरांचे मधले बांध फोडून सगळं एक केलं आणि त्या साली वाल पेरला नाही. सुंदरानं तोंड सोडलं. "उन्हाळ्याला काय टायर शिजवू तुमाला?" पण रोज सकाळी चहाची किटली घेऊन बांधावर पहिली तीच हजर असायची.

सगळं झकास चाललं होतं, एक वळण सोडून. पळसाजवळ माती भुसभुशीत होती. "तिथं चाकं रुततात, बाबा. टाइम जातो," भगीरथ एकदा जेवताना म्हणाला आणि विसरून गेला. लडकू विसरला नाही. गाडीतलं त्याला कळत नव्हतं, पण जमीन पक्की कशी करायची हे पंचक्रोशीत त्याला शिकवणारा कोणी नव्हता. झोडणीसाठी दर साली तो खळं करायचाच. त्या आठवड्यात गॅरेजात काम फार, म्हणून सराव बंद होता; मुलगा कामाला गेला की तो पळसाजवळ जायचा. पाणी मारायचं, माती घालायची, लाकडी चोपण्यानं बडव बडव बडवायची. पाचव्या दिवशी सांजेला त्यानं त्यावर शेणाचा सरसरीत हात दिला आणि पहाटे उठून राहिलेल्या कडा सारवल्या. वाटलं, पोरगा बघेल तेव्हा हरखून जाईल.

रात्रभर दव पडलं होतं. सारवण वाळलं नव्हतं.

भगीरथ आला, दोन वळणं घेतली आणि भरधाव पळसाकडे वळला. गाडी त्या ओल्या खळ्यावरून साबणाच्या वडीसारखी सटकली, बांधावर आदळली आणि उलटली. पिंजऱ्यानं जीव वाचवला. डावा पाय मात्र चेंगरला, आणि डॉक्टरांनी तो घोट्यावरून काढला.

दवाखान्यात विचारायला आलेल्या पहिल्या माणसाला भगीरथनं सांगितलं, "ब्रेक लागला नाय." लडकू उशाशीच उभा होता. खळ्याचं त्यानं सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, मग दुसऱ्याही दिवशी नाही. टोकावड्यापासून मुरबाडपर्यंत बोभाटा झाला की अनिलशेठनं मोडकी गाडी गळ्यात मारली. लोक शिव्या देत, आणि लडकू मान खाली घालून ऐकत राही. त्याला स्वतःची शिसारी यायची.

मार्चमध्ये अनिलशेठ स्वतः आले. काठी टेकत, दोन ठिकाणी बसत. भगीरथ ओटीवर कुबडी शेजारी ठेवून बसला होता. शेठनी त्याच्या पायाकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरले.

"पोरा, ब्रेक मी माझ्या हातानं तपासले होते. तरी माझ्याकडून काही राहिलं असेल, तर मला माफ कर. झोप येत नाही रे."

भगीरथ खाली बघत म्हणाला, "जुनी गाडी, शेठ. होतं असं."

लडकू शेठच्या पायाशी मटकन बसला. "गाडीत खोट नव्हती, शेठ. मी तिथं खळा केला. वर सारवला. तुमाला लोकांनी शिव्या दिल्या न् मी ऐकत बसलो. माझ्या पोराचा पाय मी घेतला."

सुंदराच्या हातातला तांब्या खाली आला. कोणी उचलला नाही.

"मना म्हाईत हाय, बाबा," भगीरथ म्हणाला.

लडकूनं मान वर केली.

"लांबूनच दिसला होता. ओला चकाकत होता. मी शेतकऱ्याचाच पोर, मना कळत नाय? मी गाडी हळू करणारच होतो. मग बांधावर तू दिसलास. कोपरापर्यंत शेणानं भरलेला, हसत होतास. मी हळू गेलो असतो तर तुला वाटला असता, पोराला पसंत नाय पडला."

लडकू ओक्साबोक्शी रडला. भगीरथनं त्याला थांबवलं नाही, नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवून बसला. शेठनी तोंड फिरवलं.

पुढच्या हिवाळ्यात लडकूनं त्या खाचरांत पुन्हा वाल पेरला. पेरण्याआधी पळसाजवळची जागाही त्याला नांगरायची होती. दोनदा नांगर घातला, दोन्ही वेळा फाळ वरच्या वर घसरला. इतकं पक्कं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. वाल सगळीकडे उगवला, तेवढी जागा उघडी राहिली.