खडे आणि राजमा

ईस्टरआधीच्या उपासांतला शुक्रवार, म्हणजे घरात मांस नाही. सेलेदोनियोने उजाडताच चूल पेटवली. न्यू मेक्सिकोच्या या डोंगरात राजमा शिजायला अख्खा दिवस जातो, आणि आज तो बिघडून चालणार नव्हता. मुलगी देल्फिना शहरातून जेवायला येणार होती. मागच्या खेपेला तिने स्पष्ट बजावलं होतं, "आईचं विसरणं वाढलंय, बाबा. तुम्ही आहात म्हणून तिला इथे ठेवलंय. आणखी काही दिसलं तर वृद्धाश्रम."

बायको एउफेमिया टेबलाशी बसून राजमा निवडत होती. लग्न झाल्यापासून हे काम तिचंच. बोटं अजून झपाझप चालत होती, म्हणून तो निवांत भोपळा चिरायला बसला. वळून बघतो तर दाणे केराच्या डब्यात आणि खडे पातेल्यात.

त्याला राग आला, तिचा नाही, देवाचा. त्याने पातेलं रिकामं केलं, केरातले दाणे काढून धुतले आणि शिजत टाकले. मऊ झाल्यावर दारावरच्या माळेतल्या लाल मिरच्या वाटून घातल्या, मग भोपळा, मग वाळवलेला मका. संध्याकाळपर्यंत घरभर वास सुटला होता.

देल्फिनाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "आई, हात अजून तसाच आहे गं तुझा."

सेलेदोनियोच्या जिवात जीव आला. तेवढ्यात एउफेमियाच्या दाताखाली कचकन आवाज झाला. तिने तोंडातून खडा काढला.

"राजमा कुणी निवडला?"

देल्फिना आईकडे बघायला लागली.

"मी," सेलेदोनियो घाईघाईने म्हणाला.

"डोळे फुटले का रे म्हाताऱ्या? दात पडला असता माझा."

"हल्ली नीट दिसत नाही खरं."

देल्फिनाने चमचा खाली ठेवला. "दिसत नाही? आणि या घाटात गाडी चालवता? आईला तुमच्या भरवशावर ठेवलं होतं मी, बाबा. किल्ल्या द्या. आईसाठी आश्रमात जागा बघते, तुम्ही माझ्याकडे चला."

एउफेमियाने मुलीचा हात थोपटला. "घेऊन जा गं बाई त्याला. थकलाय तो. माझी काळजी नको, मी बघते इथलं सगळं."

सेलेदोनियोने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. खरं सांगायची सोय त्याची त्यानेच ठेवली नव्हती.