वेधशाळेची बायको

"अगं, झाक! झाक म्हणतो ना!"

खिडकीतून आवाज आला तेव्हा ताडपत्रीचं एक टोक काकीच्या हातात होतं आणि दुसरं सूनबाईच्या. दोघींनी ती नुकतीच काढली होती, अजून नीट घडीही झाली नव्हती.

"आत्ताच उघडा म्हणालात ना?" काकी तिथूनच ओरडली.

"तेव्हा ऊन होतं!"

"आताही ऊनच आहे!"

"टेकडीकडे बघ की जरा. ढग केवढा आलाय!"

काकीने बघितलं. ढग होता खरा, पण तळहाताएवढा, आणि तोही रस्ता चुकल्यासारखा एका जागी उभा. तिने सुनेकडे पाहिलं. सुनेने ताडपत्री पुन्हा पसरायला घेतली. घरातल्या कर्त्या माणसाचा पाय प्लास्टरमध्ये असला, तरी जीभ मोकळीच होती.

गोठ्याचा पत्रा वाऱ्याने उचकटला म्हणून काका शिडीवर चढले होते. पत्रा बसला आणि काका पडले. तेव्हापासून त्यांचा पलंग खिडकीशी सरकवला होता आणि समोरच्या सिमेंटच्या अंगणात वाळत घातलेल्या मिरचीवर तिथून त्यांचं राज्य चाललं होतं. गल्लीत त्यांना 'वेधशाळा' म्हणायचे. ते रोज पहाटे ओट्यावर उभे राहून आकाशाकडे बघत आणि दिवसाचा निकाल सांगून मोकळे होत. निकाल बरोबर आला की चारचौघांत सांगत, चुकला की वाऱ्याला शिव्या देत.

पण यंदा वेधशाळेचंही काही चालत नव्हतं. पूर्वी पावसाला येण्याजाण्याची काही रीत होती. आता त्याचं घरजावयासारखं झालं होतं: यायची वेळ नाही, जायची वेळ नाही, आणि बोलायची सोय नाही. रोपं लावली तेव्हा तो फिरकलाच नाही. रोपं करपली, पुन्हा लावावी लागली. मग असा कोसळला की वाफे तुंबले आणि मुळं कुजायला लागली. फुलं धरली ती उन्हाच्या तडाख्याने गळाली. एवढं सगळं सोसून जी मिरची हाताशी आली, ती आता या अंगणात पडली होती. व्यापाऱ्याची गाडी परवा येणार होती. त्याची अट एकच होती. मिरची मुठीत घेऊन हलवली की आतलं बी खुळखुळलं पाहिजे.

आणि बी काही केल्या खुळखुळत नव्हतं. उघडी ठेवावी तर पावसाची भीती, झाकावी तर ताडपत्रीखाली मिरचीला घाम सुटायचा. सकाळपासून या दोन बायका झाकत होत्या, उघडत होत्या. सुनेला शिंकांवर शिंका येत होत्या. काकीच्या हातांची आग होत होती आणि त्याच हाताने चुकून डोळा पुसल्यामुळे डोळ्याचीही.

तेवढ्यात शहरातून मुलाचा फोन आला.

"आई, मोबाइलवर चाळीस टक्के पाऊस दाखवतंय."

"चाळीस टक्के म्हणजे काय रे? निम्म्याहून जरा कमी मिरची झाकू?"

"तसं नसतं गं ते."

"मग कसं असतं? येणार की नाही, एवढंच सांग."

"येऊ शकतो. नाहीसुद्धा येणार."

"हे तर मला आंधळ्यानेही सांगितलं असतं. ठेव फोन!"

दुपारी जेवायच्या आधी काकीने ताडपत्रीचा कोपरा उचलून खाली हात घातला. वाफ अंगावर आली. मिरची हाताला चिकट लागली. आणखी थोडा वेळ अशीच राहिली असती तर उद्या तिच्यावर बुरशीचे पांढरे डाग दिसले असते.

"उघड गं," ती सुनेला म्हणाली.

"उघडू नका!" खिडकी गरजली. "वारा फिरलाय. अर्ध्या तासात येतो की नाही बघ."

काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासून काय पेरायचं, कधी काढायचं, काय झाकायचं हे सगळं काकांनी सांगितलं होतं आणि तिने केलं होतं. केलं, आणि मग चुकलं की निस्तरलंही तिनेच.

"येऊ दे," ती म्हणाली. "मिरची माझ्या हाताला लागतेय, तुमच्या नाही. आज मी म्हणेन तसं होईल."

सून ताडपत्री धरून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. काकीने तिच्या हातातलं टोक घेतलं आणि एका झटक्यात ओढलं.

पाऊस आला नाही. ढग टेकडीमागे निघून गेला, ऊन कडक पडलं. सासू-सुनांनी दाताळ्याने मिरची खालीवर केली. तिसऱ्या प्रहरापर्यंत वरच्या थरातलं बी खुळखुळायला लागलं. काकीने मूठभर मिरची मुद्दाम खिडकीजवळ नेऊन वाजवली. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी कूस बदलली नाही.

"झोपलेत का हो बाबा?" सुनेने हळूच विचारलं.

"रुसलेत," काकी म्हणाली. तिला मनातून बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचं थोडं वाईटही वाटत होतं. आकाश धुतलेल्या ताटासारखं लख्ख होतं. "चल, खालच्या तुकड्यात पिकलेली राहिलीय, तेवढी तोडून येऊ."

दोघी पाट्या घेऊन ओढ्याकडच्या तुकड्यात उतरल्या. पाटी अर्धी भरली असेल नसेल, तोच वाऱ्याचा एक झोत आला आणि झाडं जमिनीला टेकली. काकीने मागे वळून पाहिलं. टेकडीवरून पावसाचा पांढरा पडदा घराच्या दिशेने सरकत होता, आणि तिच्या डोक्यावर अजून ऊन होतं.

"पळ!"

पाट्या तिथेच टाकून दोघी धावत सुटल्या. चढावर काकीची चप्पल चिखलात रुतली, ती सोडून ती अनवाणीच पळाली. पळताना ती पावसाला, ढगाला, मोबाइलला, मुलाला आणि स्वतःला, सगळ्यांना एका दमात शिव्या घालत होती.

अंगणात पाऊल टाकलं आणि ती थबकली.

अर्ध्या अंगणावर ताडपत्री होती. तिच्या एका टोकावर पलंगाशेजारची लाकडी खुर्ची आडवी पडली होती आणि दुसऱ्या टोकावर काका बसले होते. प्लास्टरचा पाय समोर पसरलेला, दोन्ही मुठींत ताडपत्री गच्च धरलेली. वारा तिला खालून फुगवत होता आणि प्रत्येक झोताबरोबर काका जागच्या जागी हेलकावत होते. उरलेल्या अंगणातून लाल पाणी वाहत गटाराकडे चाललं होतं.

सुनेने धावत जाऊन तिसरं टोक धरलं. काकी काकांच्या शेजारी जाऊन ताडपत्रीवर बसली. पाऊस थांबेपर्यंत ती हलली नाही.

पाऊस आला तसाच गेला. दोघींनी काकांना उचलून ओट्यावर आणलं. प्लास्टर भिजून कणकेसारखं झालं होतं. काकी ते पुसायला बसली आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"हाक नाही मारता आली? सकाळपासून घसा फोडून ओरडताय, आणि नेमकं तेव्हाच तोंडाला कुलूप? पाय कायमचा गेला असता म्हणजे?"

"मारली की. वाऱ्यात कुठे ऐकू जातंय."

"मग आधी मारायची! तुम्हाला तर ढग दिसायच्या आधी पाऊस दिसतो."

काका ओशाळून म्हणाले, "झोप लागली होती गं. पत्र्यावर थेंब वाजले तेव्हा जागा झालो."

काकीचा आवाज खाली आला. "दुपारी तुमचं ऐकायला हवं होतं मी."

"दुपारी कुठे आला तो? तेव्हा तुझंच बरोबर होतं."

"पण तुम्हाला कळतं. मला कुठे काय कळतंय."

काकांनी प्लास्टरचा सुटलेला लगदा बोटाने काढला.

"मलाही कळत नाही," ते म्हणाले. "कधीच कळलं नाही. वडील गेले, तेव्हा सकाळी उठलं की आई, धाकटे भाऊ, सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. आज काय करायचं? मी सांगितल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. मग एकदा आकाशाकडे बघायचं आणि सांगून टाकायचं. ठणकावून."

"म्हणजे ठोकून देत होतात?"

"हो."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

काकीला संताप आला. तो कुठून सुरू करावा हेच तिला सुचेना. पहाटे ओट्यावर तासन् तास उभे राहणारे काका तिला आठवले. चहा गार होतोय म्हणून ती आतून हाका मारायची आणि ते लवकर आत यायचे नाहीत. तिला वाटायचं, आकाश वाचतायत.

"पाय उचला," ती एवढंच म्हणाली आणि पलीकडची बाजू पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा गाडी घेऊन आला आणि काकांना नवीन प्लास्टर घालायला इस्पितळात घेऊन गेला. काकी आणि सुनेने भिजलेली मिरची वेगळी काढली, काळी पडलेली पाट्या भरभरून बांधावर नेऊन ओतली. वाचलेली अजून ताडपत्रीखाली होती. व्यापाऱ्याची गाडी उद्या येणार होती. आकाश गढूळ होतं. धड उघडलेलं नाही, धड भरलेलं नाही. वारा कुठून येत होता तेही समजत नव्हतं.

"आई, आज काय करायचं?" सुनेने विचारलं आणि ती काकीच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

काकी ओट्याच्या कडेला गेली. टेकडीकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं, वर पाहिलं. काही म्हणता काही कळलं नाही.

"ऊन पडेल," ती म्हणाली. "उघड सगळी."

सून लगेच अंगणात उतरली. पदर खोचून काकीने ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.