मुकादमाचा डोळा

"आता हेच बाकी होतं. माशाला जुलाबाचं मीठ!"

सासूबाई तराजूवर वाकून पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे सुनेला नेमकं ऐकू जाईल एवढ्या आवाजात. दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होत्या त्या. आवाजसुद्धा मोजून काढायच्या.

"जुलाबाचं नाही हो आई, एप्सम सॉल्ट."

"तेच ते. अख्ख्या गल्लीला मी ते देऊन मोकळं केलंय. मला नावं सांगू नकोस."

एरवी सून हसली असती. आज तिचं लक्ष ओट्याशेजारच्या प्लास्टिकच्या मोठ्या डब्याकडे होतं. त्यात वीस लिटर खारं पाणी होतं, हवेच्या नळीचे बुडबुडे होते आणि कोपऱ्यात तोंड करून मुकादम उभा होता.

मुकादम म्हणजे तळहाताएवढा पिवळाधमक मासा. बाहेरच्या चार फुटी टाकीत तो दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचा, कोण खडकाआड आळसावलंय ते बघायचा, म्हणून तिच्या नवऱ्याने हे नाव ठेवलं होतं. आता त्याचा डावा डोळा फुगून मण्यासारखा बाहेर आला होता.

टाकी नवऱ्याची. समुद्राच्या पाण्याची, लाडाची. सहा महिन्यांच्या कामाला म्हणून तो परदेशी गेला, तेव्हा दारात बॅग उचलताना म्हणाला, "मी येईपर्यंत मुकादमाला सांभाळ." आईला सांभाळ, स्वतःला सांभाळ असलं काही नाही. तिनेही ते एवढंच वाक्य पदराला गाठ मारल्यासारखं जपलं. त्या सहा महिन्यांची तीन वर्षं झाली.

ती पडद्यांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या खिडक्या मोजायची, कापड बेतायची, आणि संध्याकाळी घरी येऊन बाह्या दुमडून टाकीत हात घालायची. सुरुवातीला दर रविवारी त्याचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला: "मुकादम कसा आहे?"

ती भरभरून सांगायची. "जेवतो, पण पूर्वीसारखं नाही. दाराकडे बघत बसतो. एकटा पडलाय रे."

"मग जोडीला दुसरा आणून सोड की," तो म्हणायचा.

ती म्हणायची, "बघते."

पुढे रविवारचा फोन महिन्यावर गेला, मग आठवण झाली तर. डोळा सुजला त्या दिवशी तिने फोटो पाठवला आणि फोन उशाशी घेऊन बसली. उत्तर आलं ते एक अंगठा. काय बरं होतं त्यात? बरं वाटेल? बरं झालं? संसारात आता अंगठ्यापुरतीच बोलणी उरली होती, पण तिने तोही चारदा उघडून पाहिला.

काल मासेवाला येऊन गेला होता. टाकी बसवल्यापासून तोच देखभाल सांगायचा. त्याने काचेच्या नळीत पाणी घेऊन उपकरण लावलं आणि भुवया वर केल्या.

"वहिनी, हा समुद्र आहे की लोणचं? खारटपणा केवढा वाढलाय! मीठ कोण घालतंय?"

"कोणी नाही. पाणी उडून पातळी खाली गेली की मी साधं पाणी घालते. तुम्हीच सांगितलंत तसं."

"मग मीठ काय वरून पडतं?"

सासूबाई खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीची भिंत होती.

"आई?"

"ही रोज साधं पाणी ओतते त्यात!" सासूबाई एकदम उसळल्या. "डोळ्यांदेखत! पाण्याने औषध वाढवणारी कंपाउंडर मी नव्हे. ही कामाला गेली की मी, हिने ओतलेल्या पाण्याच्या मापाने मीठ घालत होते. तोलून घालत होते, उगीच नाही!"

मासेवाल्याने कपाळाला हात लावला. "मावशी, उडतं ते फक्त पाणी. मीठ कुठे जातंय? ते आतच बसतं."

सासूबाईंचा चेहरा पडला. तीस वर्षांत एक पुडी चुकली नव्हती त्यांची.

"डोळा त्यानेच सुजला असं नाही म्हणत मी," मासेवाला नरमला. "कुठे खडकावर आपटला असेल. पण असल्या पाण्यात तो बरा व्हायचा नाही. टाकीचा खारटपणा आपण हळूहळू उतरवू. याला वेगळा काढा, नीट खारटपणाच्या पाण्यात ठेवा आणि त्यात एप्सम सॉल्ट घाला. डोळ्यामागे पाणी साठलंय, ते ओढून घेतं. पाणी रोज थोडं बदलायचं, बदलाल तेवढ्यापुरतंच हे मीठ पुन्हा घालायचं. जास्त शहाणपणा नको."

शेवटचं वाक्य त्याने भिंतीकडे बघून म्हटलं.

म्हणून आज तराजू निघाला होता. सासूबाईंनी पुडी तोलली, पुन्हा तोलली, वाटीभर पाण्यात विरघळवली आणि थेंबथेंब डब्यात सोडली. सुनेने त्यांचा हात मनगटाशी धरला.

"होईल बरा," सून म्हणाली.

"व्हायलाच हवा," सासूबाई म्हणाल्या.

तीन दिवस दोघी पाळीपाळीने डब्यापाशी बसल्या. सून दुकानातून दुपारी फोन करायची, "आई, डोळा?" आणि सासूबाई नाडी बघितल्यासारखं सांगायच्या, "आहे तसाच. पण श्वास बरा वाटतो." एवढ्या वर्षांत दोघी एकमेकींशी इतकं बोलल्या नव्हत्या.

चौथ्या संध्याकाळी सून आली तेव्हा डोळा उतरलेला होता. अगदी पूर्ण नव्हे, पण मणी पुन्हा खोबणीत बसत होता. तिने वाळलेल्या शेवाळाचा तुकडा बोटांत धरला. मुकादमाने तो हिसकून नेला आणि डब्यातल्या डब्यात फेरी मारली.

"आई! बघा ना! खाल्लं त्याने!"

ती तिथेच फरशीवर बसली आणि रडता रडता हसायला लागली. मग पदराने हात पुसून तिने फोन काढला.

"फोटो पाठवते त्याला. नाही, फोनच करते. म्हणावं, सांभाळला बघ. टाकीचे दिवे जुने झालेत, ते बदलून घेऊ या का? तो आल्यावर त्याला सगळं कसं..."

"ठेव तो फोन."

"अहो, त्याला बरं वाटेल."

"ठेव म्हणते ना." सासूबाई तिच्यासमोर खाली बसल्या. गुडघे दुखायचे, फरशीवर त्या कधी बसत नसत. त्यांनी फोन तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर पालथा ठेवला.

"काय झालं, आई?"

मुकादम फेऱ्या मारत होता.

"गेल्या वर्षी मला फोन आला होता त्याचा. तू दुकानात होतीस. त्याने तिकडे घर केलंय. घर म्हणजे काय ते समज. मला म्हणाला, तिला तूच सांग. मी म्हटलं, सांगते." त्यांनी ओठ आवळले. "नाही सांगितलं. सांगितलं तर तू जाशील, मग मला कोण? तो येणार नाही, पोरी. कधीच येणार नाही."