कुंकवावरून सरकलेली मुंबई

मित्रांनो, मी तांब्याच्या तारेची एक जुनी गुंडाळी आहे. रेडिओ नव्हे हं. रेडिओ म्हणजे बाहेरचं खोकं. ते कुणीही पुसतं आणि कुणीही मिरवतं. मी त्याच्या पोटात बसते. मी नसते तर त्या खोक्यात आमच्या घरच्या गोदूबाईने पानसुपारी ठेवली असती.

तारापूरला विजेचं मोठं केंद्र उभं राहत होतं, तेव्हाची ही गोष्ट. बोईसर स्टेशनाबाहेर कमलाकांत नावाचा माणूस सुटे भाग जोडून रेडिओ करायचा. त्याने माझी केसासारखी बारीक तार लोहाची भुकटी दाबून केलेल्या एका काळ्या कांडीवर वेढली, कांडीच्या मधोमध मला बसवलं आणि हलू नये म्हणून मेणाचे थेंब टाकले. मग कंडेन्सरशी माझी गाठ बांधून दिली.

कंडेन्सर म्हणजे पातळ पत्र्यांची जुडी. अर्धी पाती जागची हलत नाहीत. उरलेली, बटण फिरवलं की त्यांच्या मधे मधे शिरतात, पण शिवत मात्र नाहीत. सोवळ्यातलीच जणू! आमचा संसार असा: वीज आली की तो तिला पात्यांवर धरून बसतो, पण धरवत नाही त्याला. लगेच माझ्याकडे सोडतो. ती माझ्या वेढ्यांतून धावली की माझ्याभोवती लोहचुंबकासारखी ओढ जमते. त्याची पाती रिकामी झाली की वाटावं, संपलं. पण मी हट्टी. वाहती वीज मी एकदम थांबू देत नाही. माझी ओढ विरता विरता तिला पुढे रेटत राहते, आणि त्याची पाती पुन्हा भरतात, फक्त उलट्या बाजूने. मग तो तिथून परत सोडतो. डोळ्याचं पातं लवेपर्यंत आमचे लाखभर हेलकावे होतात.

दर हेलकाव्यात थोडी वीज तार गरम करण्यात जाते, म्हणून झोका मंदावतो. तेव्हा हवेतून मुंबई आकाशवाणीची लहर येते आणि अगदी आमच्या तालात बारीक बारीक धक्के देते. झोका चढतो आणि मुंबई बोलू लागते. बाकीच्या लहरी भलत्या वेळी धक्के देतात, त्यांना आम्ही विचारत नाही. पाती जास्त आत शिरली की आमचा ताल संथ होतो, बाहेर आली की जलद.

चिंचणीच्या दामूने आम्हाला विकत घेतलं. दामू होडी घेऊन मासेमारीला जाई. त्याची आई गोदूबाई. घरात शेवटचा शब्द तिचा, आणि गल्लीत पहिलाही तिचाच. तिला आकडे वाचता येत नव्हते. पहिल्या दिवशी मुंबई ऐकू आली, तिथे काट्यासमोर काचेवर तिने कुंकवाचा ठिपका लावला.

"हितं मुंबई हाय," ती म्हणाली. "काटा कुणी हलवायचा नाय."

कुणी हलवला नाही.

तिची सून जमना गळ्याची गोड. एकदा गल्लीतल्या बायकांबरोबर ती मुंबईला आकाशवाणीवर जाऊन गाऊन आली. ते गाणं एका संध्याकाळी लागणार होतं. गोदूबाई दारोदार सांगत सुटली, "कालवण चुलीवरनं उतरवा नि या. माजी सून गानार हाय."

आदल्या दिवशी दामूने रेडिओ होडीवर नेला आणि एका लाटेने आम्हाला भिजवलं.

"होडीत रेडिओ नेतोस?" गोदूबाई म्हणाली. "उद्या चूल ने. गानं काय बोंबील ऐकनार व्हते?"

तिच्या घरी ओलं झालेल्या वस्तूला एकच औषध होतं. सकाळी तिने आम्हाला बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांडीवर, बोंबलांच्या रांगेत टांगलं. कावळे येऊन वास घेऊन गेले. चैत्राचं ऊन काळ्या खोक्यावर असं तापलं, की माझं मेण वितळलं आणि मी घसरत कांडीच्या टोकाला आले. मधोमध होते तेव्हा माझी ओढ भारी होती. टोकाला ती हलकी पडली आणि आमचा ताल जलद झाला.

संध्याकाळी अंगण भरलं. दामूने बटण दाबलं. काटा कुंकवावरच होता. आतून नुसता खरखराट.

शेजारची येसूबाई म्हणाली, "काय गो गोदूबाय, तुजी सून गाते का तेल तापवते?"

सगळे हसले. गोदूबाईने आम्हाला एक थापट मारली, मग दुसरी. माझे वेढे झिणझिणले. आतून मी ओरडत होते, बाई, पाती अजून आत घाल, मी हलके झालेय. पण आमचं कोण ऐकतं?

"आई," जमना हळूच म्हणाली, "काटा जरासा डावीकडं नेऊन बगू?"

"कुंकवावरनं? मुंबई काय होडी हाय, भरतीला हलायला?"

"गानं लागलं असंल आता. लहानसंच हाय, आई. संपलं तर संपलं."

"संपू दे."

"गल्लीनं नाय ऐकलं तरी चालंल," जमना म्हणाली. "तुमी ऐकावं म्हनून गायले मी."

गोदूबाईने सुनेकडे पाहिलं, मग येसूबाईकडे. पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि काचेवरचं कुंकू पुसून टाकलं.

"मुंबईवाल्यांनी बिऱ्हाड बदललं असंल," ती म्हणाली. "त्यांचा काय भरवसा. जा, शोध त्यांना."

जमनाने बटण फिरवलं. पाती पात्यांत शिरू लागली, आमचा ताल संथ, अजून संथ होत गेला, आणि एकदम तो धक्का लागला. मित्रांनो, काय सांगू! कंडेन्सर माझ्याकडे सोडतोय, मी त्याच्याकडे रेटतेय, आणि दर फेरीला झोका उंच. अंगणात बायकांचे आवाज घुमले. गाणं अर्ध्यावर आलं होतं.

येसूबाईने विचारलं, "ह्यात हिचा आवाज कुठला?"

"सगळ्यांत वर हाय ना, तो," गोदूबाई मान ताठ करून म्हणाली.

"आई, तो गल्लीतल्या चंद्रकांताबायचा," जमना कुजबुजली.

"आज तो तुजाच. गप ऱ्हा नि ऐकू दे."

पुढे कमलाकांत मला जागेवर सरकवायला निघाला, तर गोदूबाईने त्याला हात लावू दिला नाही. "सुनेला ठावं हाय मुंबई कुठं हाय ते," म्हणाली. गाणं ऐकायचं झालं की ती जमनालाच हाक मारी.

आता घरात नवी यंत्रं आली आहेत आणि आम्ही दोघं फळीवर धूळ खात बसलो आहोत. रुसलेलो नाही. कुणी वीज दिली तर आजही झुलू. तेवढं मला उन्हात टांगू नका आणि थापट मारू नका. मुंबई सापडेना झाली, तर घरातल्या सुनेला विचारा.